वेंगुर्ल्याकडची १८७४ ची लग्नाची नोंद: वाचायची कशी आणि उतरवून ठेवायची कशी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या खापरपणजोबा-खापरपणजीच्या लग्नाची १८७४ सालची नोंद तुम्हाला वेंगुर्ल्याकडच्या एका इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या रजिस्टरात सापडली, फादरांना विचारून मोबाईलवर फोटो काढलात. भाषा पोर्तुगीज. नवऱ्याचं आडनाव रोइझ असं काहीतरी दिसतंय आणि तुमच्या घरात तर रॉड्रिग्ज लावतात, नवरीला आडनावच नाही नुसतं मारिया दो रोझारियो, मधल्या एका वाक्याचं मोबाईलवर भाषांतर केलं तर 'अंघोळी झाल्यावर' असं आलं, आणि समासात बारीक अक्षरात दोन ओळी आहेत त्यातला एकच शब्द तुम्हाला लागला, 'ग्राव'. आणि आता हे सगळं वंशावळीत भरायचं कसं.

मी वीसेक वर्षं हे काम करतोय, वसईपासून खाली गोव्यापर्यंत बऱ्याच चर्चच्या चोपड्या बघितल्यात, तर सविस्तरच सांगतो.

पहिली गोष्ट, वंशावळीत भरायची घाई करू नका. नोंद वाचून उतरवणं हे एक काम आणि तिचा अर्थ लावणं हे दुसरं काम, ही दोन्ही एका बैठकीत केली की घोळ होतो, कारण मनात आधीच रॉड्रिग्ज असतं आणि डोळ्याला तेच दिसायला लागतं. आधी वहीत ओळीला ओळ उतरवा, रजिस्टरात जिथे ओळ संपली तिथे तुमचीही संपवा, रोइझ लिहिलंय तर रोइझच लिहा, चूक दिसली तरी सुधारू नका. जे अक्षर लागत नाही त्याच्या जागी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह, जिथे वाळवीने खाल्लंय तिथे तसं लिहायचं की इथे कागद नाही, अंदाजाने शब्द भरायचा नाही. हे कंटाळवाणं वाटतं पण दहा वर्षांनी त्याच नोंदीकडे परत जाल तेव्हा तुमचं तुम्हालाच कळायला हवं की पाद्रींनी काय लिहिलं होतं आणि तुम्ही काय समजलात.

अक्षर लागत नसेल तर एकाच नोंदीवर डोळे फोडत बसू नका. त्याच पाद्रींच्या हातच्या पुढच्या-मागच्या दहा नोंदी वाचा. मजकूर ठरलेला असतो, नुसती नावं आणि तारखा बदलतात, त्यामुळे एका नोंदीत न लागलेला शब्द दुसरीत स्वच्छ लागतो आणि त्या माणसाचा 'र' कसा 'स' कसा हे डोळ्यात बसतं. परत इगर्जीत गेलात तर फादरांना विचारून पुढची-मागची चार चार पानं फोटोत घ्या.

आता रोइझ. ते वेगळं आडनाव नाही, रॉड्रिग्जच आहे. तेव्हा कागद महाग आणि पाद्रींना एकेका दिवसात पाच पाच नोंदी लिहायच्या, म्हणून नेहमीची नावं आखूड करून लिहायचे. रोइझ म्हणजे रॉड्रिग्ज, फ्र्झ म्हणजे फर्नांडिस, ग्लझ किंवा गोन्स्लझ म्हणजे गोन्साल्विस, मिझ म्हणजे मार्टिन्स. पेर लिहून वर छोटासा 'आ' काढला की परेरा. फ्र लिहून वर 'को' म्हणजे फ्रान्सिस्को, द लिहून वर 'ओस' म्हणजे दोमिंगोस. शब्दाच्या डोक्यावर चढवलेलं बारीक अक्षर दिसलं की समजायचं मधली अक्षरं गाळलीत. तुम्ही उतरवताना रोइझ लिहा आणि शेजारी चौकोनी कंसात रॉड्रिग्ज, म्हणजे दोन्ही राहतं.

महिन्यांच्या बाबतीत असाच एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ प्रत्येकजण एकदा पडतो. ७ आकडा लिहून पुढे 'ब्रो' असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर, कारण सेतेंब्रोतलं 'सेत' म्हणजे सात. तसंच ८ ब्रो ऑक्टोबर, ९ ब्रो नोव्हेंबर आणि १० ब्रो किंवा रोमन दहाचा एक्स काढून ब्रो म्हणजे डिसेंबर. लॅटिन रजिस्टरातही हेच, तिथे शेवटी 'ब्रिस' असतं.

तुमची तारीख तुम्ही ९ फेब्रुवारी वाचलीत ती मला बरोबर वाटते आणि का ते सांगतो, ही पद्धत तुम्हाला पुढेही कामाला येईल. ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात आणि नाताळाआधीच्या आगमन काळात थाटाने लग्न लावत नसत, त्यामुळे कोकणातल्या रजिस्टरात लग्नं जानेवारी-फेब्रुवारीत, मग ईस्टर झाला की एप्रिल-मेमधे पावसाच्या आत अशी घोळक्याने सापडतात. १८७४ साली ईस्टर ५ एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार, ज्या दिवशी उपवास लागतो तो, १८ फेब्रुवारीला. ९ फेब्रुवारी हा सोमवार पडतो, उपवास लागायच्या नऊ दिवस आधी, लग्नाला अगदी योग्य. तेच तुम्ही ९ मार्च वाचलं असतंत तर मी म्हटलं असतं परत बघा, किंवा नोंदीत कुठे खास परवानगीचा उल्लेख आहे का ते शोधा.

अंघोळीचं वाक्य. मूळ शब्द 'बान्योस' आहे. पोर्तुगीजमधे बान्यो म्हणजे अंघोळ हे खरं पण लग्नाच्या नोंदीत बान्योस म्हणजे लग्नाचा जाहीर पुकारा, लागोपाठ तीन रविवारी किंवा सणाच्या दिवशी मिसाच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) वेळी फादर सांगतात ना की अमक्याचं तमकीशी लग्न ठरलंय, कुणाला हरकत असेल तर सांगा, तो. 'कोरिदोस ओस बान्योस' म्हणजे पुकारे झाले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली हे सगळीकडे लागू करायचं ठरवलं, पुकारा, पॅरिश प्रीस्ट (पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द, तिथला फादर) आणि निदान दोन साक्षीदारांसमोर लग्न, आणि पाद्रींनी लग्नाची चोपडी ठेवायची. आज आपल्याला ही रजिस्टरं मिळतात ती त्या ठरावामुळे. तर त्या वाक्याला लागून बघा 'एक किंवा दोन पुकारे माफ केले' असं काही आहे का. माफ केले असतील तर काहीतरी घाई होती, नवरा बोटीवर नोकरीला होता आणि बोट सुटायची होती, कुणी आजारी होतं, किंवा दुसरंच काही. कारण लिहिलेलं नसेल तर आपण मनाने लावायचं नाही, एवढंच लिहायचं की दोन पुकारे माफ.

बाकीचा साचा साधारण असा असतो, अमुक तारखेला या इगर्जीत माझ्यासमोर, पुकारे होऊन आणि काही अडथळा न निघाल्यावर, अमुक, सोल्तेइरो म्हणजे अविवाहित, अमुक आणि अमुकचा औरस मुलगा, अमुक गावचा नातुराल म्हणजे मूळचा, याचं तमुकशी लग्न लागलं, ती दोन्झेला म्हणजे कुमारिका, अमुकची मुलगी, साक्षीदार अमुक आणि अमुक, आणि खरं म्हणून ही नोंद करून सही केली. शेवटी 'एरा उत सुप्रा' असलं तर घाबरू नका, वर लिहिलेलीच तारीख एवढाच अर्थ. नावाला चिकटून 'जा देफुंतो' असेल तर तो माणूस तेव्हा हयात नव्हता, तुमच्या नवरीच्या बापाच्या नावापुढे फोटोत मला ते स्पष्ट दिसतंय. म्हणजे तो ९ फेब्रुवारी १८७४ च्या आधी वारला, मृत्यूची नोंद शोधायला तुम्हाला एक हद्द मिळाली. लॅटिनमधे हेच काम 'क्वोंदाम' हा शब्द करतो, नुसता क आणि वर टिंब असाही येतो, आणि विधवेसाठी 'रेलिक्ता'. एका कुटुंबाच्या वंशावळीत मी रेलिक्ता हे बाईचं नाव म्हणून तीन पिढ्या छापलेलं बघितलंय.

आता नवरीचं नाव. मारिया दो रोझारियो यातला रोझारियो हे आडनाव धरू नका. त्या काळी मुलीला बाप्तिस्म्याला नाव ठेवताना पुढे भक्तीचं नाव जोडायचे, दो रोझारियो, दास दोरेस, दा कोन्सेसांव, दे जेझुस. बापाचं आडनाव मुलीला लावायलाच पाहिजे असा नियम नव्हता आणि बऱ्याचदा लावत नसत. दोन सख्ख्या बहिणी, एक मारिया दो रोझारियो आणि दुसरी आना दास दोरेस, आणि बाप फर्नांडिस, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून वंशावळीत तिच्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवा किंवा बापाचं आडनाव कंसात टाका पण रोझारियो घराणं म्हणून शोधत निघू नका, आयुष्य जाईल.

आणि या जागी एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे हिंदू घरांतून कुलवृत्तांत असतात, त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्या असतात, फार मोठं काम आहे ते, पण बहुतेक जागी बाई म्हणजे अमक्याची बायको, सासरचं नाव आणि माहेरच्या गावाचं आडनाव मिळालं तर मिळालं. इगर्जीच्या लग्नाच्या नोंदीत नवरीची आई तिच्या स्वतःच्या नावाने येते आणि नवऱ्याचीही आई येते. म्हणजे एका नोंदीत सहा माणसं आणि त्यातल्या तीन बायका. लोक वरची दोन नावं उचलतात आणि बाकी चार सोडून देतात, मला खरंच वाईट वाटतं, कारण ती आईची नावंच पुढे एकाच नावाचे दोन माणूस वेगळे करायला उपयोगी पडतात. एका गावात एकाच वेळी तीन आंतोनियो फर्नांडिस असणारच, पण तिघांच्याही आया एकाच नावाच्या असणं कठीण.

गावांच्या नावांचं मात्र फार सांभाळायला लागतं. पोर्तुगीज लोक आपल्या गावाच्या शेवटच्या ई-एला नाकात नेऊन 'ईं' 'एं' करायचे, पेडणे पेर्नें, डिचोली बिशोलीं, वसई बासाईं, रेडी रेदीं किंवा रारीं. श साठी एक्स, क साठी क्यू, त्यामुळे प्रभूचं पोरोबो होतं, नाईकचं नाइक्वे, शेणवीचं सिनाय. मोठ्याने वाचा, कान ओळखतो जे डोळा ओळखत नाही. सावंतवाडीकडच्या लोकांना एक शब्द वारंवार भेटेल, 'तेरास दो बोंसुलो'. बोंसुलो हे कुणाचं आडनाव नाही नोंदीतल्या माणसाचं, सावंतवाडीच्या भोसल्यांचा मुलूख असा त्याचा अर्थ.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. सुरुवातीच्या काळात एका नोंदीत मला नवरा 'आगासाईं'चा मिळाला आणि मी वसईच्या बाजूला काम करत असल्यामुळे सरळ आगाशी लिहून मोकळा झालो. दोन वर्षं आगाशीच्या आणि नंदाखालच्या बाजूने त्या घराण्याचा माग काढला, एक फांदी जुळवलीसुद्धा, कारण नावं सगळीकडे तीच, जुळवायला गेलं की जुळतं. मग त्याच माणसाच्या भावाची नोंद मिळाली आणि तिथे आगासाईंच्या पुढे पाद्रींनी 'इल्यास' लिहिलं होतं. इल्यास म्हणजे तिसवाडी, गोव्यातली. गोव्यातली आगशी ती, जुवारी नदीच्या काठची, वसईची नव्हेच. पोर्तुगीजात दोन्हीचं स्पेलिंग एकच. दोन वर्षांचं काम आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना जे सांगून बसलो होतो ते सगळं परत घ्यावं लागलं. तेव्हापासून गावाचं नाव मूळ जसं आहे तसंच एका रकान्यात आणि माझा अंदाज दुसऱ्या रकान्यात, पुढे का ते कारण. साल्सेतचंही तसंच, गोव्यातली साष्टी, मडगावची, आणि मुंबईची साष्टी, दोन्ही साल्सेत. माहीमही दोन, मुंबईचं आणि पालघरकडचं केळवे-माहीम.

तुमच्या नोंदीत नवरा 'नातुराल दे आल्दोना, बार्देश, मोरादोर नेस्ता' असं आहे. तीन शब्द वेगळे ठेवा. नातुराल म्हणजे मूळचा तिथला, फ्रेगेस म्हणजे त्या पॅरिशमधे नाव असलेला, मोरादोर म्हणजे सध्या राहणारा. म्हणजे तुमचे खापरपणजोबा गोव्यात बारदेशातल्या हळदोण्याचे आणि लग्नाच्या वेळी इथे राहत होते. त्यांचा बाप्तिस्मा तुम्ही इथल्याच चोपडीत शोधत बसलात तो मिळणार नाही, हळदोण्याला जायला लागेल, तिथली सेंट थॉमसची इगर्ज १५९६ सालची आहे.

साक्षीदारांबद्दल. ते लिहून घ्याच, पण लगेच काका-मामा समजू नका. त्याच पानावरच्या दहा लग्नांत एकच नाव साक्षीदार म्हणून येत असेल तर तो इगर्जीचा सॅक्रिस्टन, म्हणजे इगर्जीची देखभाल करणारा, किंवा शाळेचा मेस्त म्हणजे मास्तर असणार, जवळ होता म्हणून सही केली. एखादं नाव एकदाच येतं आणि त्याला परगावचा पत्ता आहे, तो मात्र नात्यातला असायची शक्यता जास्त. आणि पाद्रींच्या सहीकडे बघा, 'दे मिन्या लिसेन्सा' असं असेल तर लग्न दुसऱ्या फादरांनी लावलं, पॅरिशच्या फादरांच्या परवानगीने. असे बाहेरून येणारे फादर पुष्कळदा नवऱ्याचे किंवा नवरीचे काका-मामा असायचे. त्या पाद्रींचं नाव आणि गाव मिळालं तर घराण्याचा धागा तिथून लागतो.

आता समासातल्या दोन ओळी. ताई, तुमच्या सगळ्या फोटोत मोलाचं काय असेल तर ते हे आहे. मी फोटो मोठा करून वाचलं त्याप्रमाणे 'दिस्पेन्सादोस नो तेर्सेइरो ग्राव दे कोन्सांग्विनिदादे', म्हणजे तिसऱ्या पायरीच्या रक्ताच्या नात्याचा अडथळा होता तो माफ केला. तुमचे खापरपणजोबा आणि खापरपणजी एकमेकांच्या नात्यातले होते.

पायरी कशी मोजायची ते नीट लक्षात घ्या कारण इथे सगळे चुकतात. समान पूर्वजापासून खाली मोजायचं, एका बाजूनेच. सख्खी भावंडं पहिली पायरी. चुलत, आते, मामे, मावस भावंडं दुसरी, कारण आजा-आजी समान. त्यांची मुलं एकमेकांची तिसरी, पणजा-पणजी समान. चौथी म्हणजे आणखी एक खाली. जुन्या नियमात चौथ्या पायरीपर्यंत परवानगी लागायची, १९१८ ला नवा धर्मकायदा लागू झाला तेव्हापासून तिसरीपर्यंत. आणि १९८३ च्या कायद्यात मोजायची रीतच बदलली, वर जाऊन परत खाली येऊन सगळ्या पिढ्या मोजायच्या, त्यामुळे आता चुलत भावंडं 'चौथ्या' पायरीची होतात. आजच्या फादरांना विचाराल तर ते आजच्या रीतीने सांगतील, तुमची नोंद १८७४ ची आहे, तिला जुनीच रीत लावायची.

तर तिसरी पायरी, म्हणजे नवऱ्याचा एक पणजा आणि नवरीचा एक पणजा एकच माणूस. बघा यातून काय निघतं. नवरा हळदोण्याचा. नवरी इथलीच, तिच्या नावापुढे 'नातुराल देस्ता' आहे. तुम्ही आतापर्यंत नवरीचं घराणं कायमचं वेंगुर्ल्याकडचं धरून चालला होतात पण तिचा पणजा आणि हळदोण्याच्या माणसाचा पणजा एकच असेल तर तिच्याही घरचं कुणीतरी हळदोण्याहून इकडे आलेलं असण्याची शक्यता खूप आहे. नवरा १८७४ ला पंचवीसेक वर्षांचा धरला तर पणजा साधारण १७६०-७५ च्या आसपास जन्मलेला. म्हणजे एका समासातल्या ओळीने तुम्हाला शंभर वर्षं मागे नेलं. नवऱ्याला इथे कुणी बोलावलं, कुठल्या घरी उतरला असेल, मुलगी कुणी दाखवली, हे सगळं त्या नात्यात आहे. फक्त एक करू नका, दोघांचा समान पणजा आहे म्हणून नवरीलाही रॉड्रिग्ज ठरवू नका. ते नातं आईकडून, आजीकडून, कुठूनही असू शकतं, मुद्दा रक्ताचा आहे आडनावाचा नाही.

अशी परवानगी मिळवायला अर्ज करावा लागायचा, नातं कसं लागतं ते पिढ्यांची झाडासारखी आकृती काढून दाखवायचे. अर्ज बिशपच्या ऑफिसात जायचा आणि तेव्हा हा भाग गोव्याच्या आर्चबिशपकडे होता, नंतर पुणे धर्मप्रांताकडे आला आणि २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. म्हणून तो कागद सावंतवाडीत किंवा पुण्यात मागून उपयोग नाही, गोव्यात आर्चबिशपांच्या ऑफिसला रीतसर पत्र लिहून विचारायचं, वर्ष, पॅरिश, दोघांची नावं आणि पायरी लिहून. तो कागद जर हाताला लागला तर तुमच्या चार पिढ्या एका पानावर काढलेल्या मिळतील.

आता उतरवून ठेवायचं. मी प्रत्येक नोंदीला एक पान देतो. वर ओळख: कुठली इगर्ज, कुठलं पुस्तक, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतचं, पान क्रमांक आणि पानाची पुढची बाजू की मागची (जुन्या चोपड्यांत आकडा एकाच बाजूला असतो, मागच्या बाजूला नसतो, त्यामुळे 'पान २३ मागची बाजू' असंच लिहावं लागतं), नोंदीचा क्रमांक असला तर तो, मी कधी बघितली, मूळ बघितली की फोटो की कुणी उतरवलेली प्रत. मग मूळ मजकूर ओळीला ओळ. मग मराठी अर्थ. मग माझे अंदाज, प्रत्येकापुढे कारण. हे चार भाग कधी मिसळायचे नाहीत. कॉम्प्युटरवर वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नावाच्या रकान्यात तुमच्या घरात चालतं ते नाव टाका आणि नोंदीतलं नाव 'दुसरं नाव' म्हणून टाका, साक्षीदार आणि पाद्री टिपणीत, तिसऱ्या पायरीचं वेगळं टिपण. फोटोच्या फाईलला मोबाईलने दिलेलं नाव ठेवू नका, इगर्ज, साल, पान असं नाव द्या.

मूळ आणि दाखला यातला फरकही लक्षात असू दे. ऑफिसातून छापील फॉर्मवर दाखला मिळतो त्यात नवरा, नवरी, तारीख, आईबाप एवढंच भरतात, समासातलं येत नाही. तुम्ही दाखल्यावर समाधान मानलं असतंत तर तिसरी पायरी कधीच कळली नसती. गोव्यात दाखला मागायची वेळ आली तर 'तेओर' मागा, म्हणजे नोंदीची अक्षरशः पूर्ण प्रत मिळते.

पुढे कुठे शोधायचं. हळदोण्याचा बाप्तिस्मा हे पहिलं काम. गोव्यातल्या बऱ्याच पॅरिशची जुनी रजिस्टरं आता पणजीला पुराभिलेख खात्यात आहेत आणि काहींचे फोटो फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाईटवरही आहेत, आधी घरबसल्या ते बघा, मग प्रवास करा. नवरीच्या आईवडिलांचं लग्न हे दुसरं काम, तिचा बाप इथला की बाहेरून आलेला ते तिथे कळेल. वेंगुर्लं १८१२ पासून इंग्रजांकडे होतं आणि १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे फादरांना दर तीन महिन्यांनी नोंदींच्या प्रती सरकारकडे पाठवायला लागायच्या, तेव्हा १८७२ नंतरच्या एखाद्या नोंदीचं पान चोपडीत फाटलेलं निघालं तर त्या वाटेनेही विचारता येतं. सावंतवाडी संस्थानातल्या गावांना मात्र हे लागू धरू नका.

घरातलं कुणी मुंबईला गेलं असेल, आणि आपल्या बाजूचं कोण गेलं नाही, तर तिथे एक वेगळीच अडचण आहे. मुंबईत त्या काळी एकाच वस्तीत दोन अधिकार चालायचे, काही चर्च पोर्तुगीज पाद्रोआदोखाली, म्हणजे जिथे बिशप नेमायचा हक्क पोर्तुगालकडे होता त्या व्यवस्थेखाली, आणि काही रोमकडून नेमलेल्या बिशपांखाली, हे १९२८ पर्यंत चाललं. जवळच्या चर्चमधे नोंद नाही म्हणून लग्नच झालं नाही असं धरू नका, त्याच वस्तीतलं दुसरं चर्च बघा. आणि १९०८ नंतरच्या लोकांसाठी सोपं आहे, तेव्हापासून लग्न कुठेही झालं तरी ते बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात लिहायचं बंधन आलं. तुमच्या आजोबांच्या भावंडांचे बाप्तिस्मे काढा, समासात त्यांची लग्नं कुठे कुणाशी झाली ते बऱ्यापैकी मिळेल. शिवाय १९१८ पासूनचा कायदा लग्न नवरीच्या पॅरिशमधे व्हावं असं सांगत होता, तेव्हा नवऱ्याकडे नाही मिळालं तर नवरीकडे.

इगर्जीत परत जाल तेव्हा शनिवार-रविवार, फेस्ताचे (इगर्जीच्या सणाचे) दिवस आणि उपवासाचा शेवटचा आठवडा टाळा, आधी पत्र द्या, नेमकं कुठलं साल बघायचंय ते लिहा. हात स्वच्छ धुऊन कोरडे करून जा, पानं वरच्या कोपऱ्याला धरून उलटा, बोटाला थुंकी लावू नका. जुन्या शाईत लोखंड असायचं ती कागद जाळते, काही पानांत अक्षरांच्या जागी भोकंच राहिलीत आणि आपला पावसाळा त्यात भर घालतो, चोपडी पूर्ण उघडी दाबून फोटो काढायला गेलात तर शिवण तुटेल. फ्लॅश नको. औरस नसलेल्या मुलाची किंवा आईबाप अज्ञात अशी नोंद दुसऱ्या कुणाच्या घरची दिसली तर ती तिथेच सोडून या, गावात त्यांची नातवंडं राहतात.

आणि एक काम लगेच करा. समासातल्या दुसऱ्या ओळीचा शेवट तुमच्या फोटोत कापला गेलाय. तिथे 'मिस्तो कों क्वार्तो' असे शब्द असतील तर नातं तिसऱ्या-चौथ्या मिश्र पायरीचं होईल, म्हणजे एकाचा पणजा तो दुसऱ्याच्या पणज्याचा बाप, आणि मी वर सांगितलेली पिढी एका बाजूने एकाने मागे जाईल. खिडकीजवळ, बाजूने उजेड येईल असं पान धरून नुसत्या त्या दोन ओळींचा जवळून फोटो घ्या, आणि तो मिळेपर्यंत वंशावळीत तिसरी पायरी पेन्सिलनेच लिहा.